हातोहात फिरलेला पक्षी

कोंकणच्या किनाऱ्यानें प्रवास केलेल्या श्रोत्यांस सुरूचें बन नवीन नाहीं. वाळूच्या कडेनें ओळीनें उभीं असलेलीं तीं उंच झाडें, पानांच्या जागीं लोंबणाऱ्या त्यांच्या बारीक हिरव्या काड्या आणि समुद्राचा वारा सुटला म्हणजे त्यांतून निघणारा तो दीर्घ सुसकारा, हें सर्व आतां कोंकणचेंच होऊन गेलें आहे. वस्तुतः या किनाऱ्यास हें झाड परकें. त्याची पद्धतशीर लागवड येथें एकोणिसाव्या शतकांत झाली. वनस्पतिशास्त्रांत सुरूला ‘कॅसुरिना’ म्हणतात, आणि हें नांव एका पक्ष्यावरून पडलेलें आहे. मलायी भाषेंत ज्या पक्ष्याला ‘कासुआरी’ म्हणतात, त्याच्या अंगावर केसांसारखीं लांब, राठ पिसें लोंबत असतात. सुरूच्या काड्या पाहून त्या पिसांची आठवण झाली आणि पक्ष्याचें नांव झाडाला मिळालें. झाड कोंकणांत घरोबा करून राहिलें. ज्याच्या नांवानें तें ओळखलें जातें तो पक्षी मात्र बहुतेकांनीं चित्रांतही पाहिलेला नसतो.

हा पक्षी म्हणजे कॅसोवरी. न्यू गिनी हें विस्तीर्ण बेट, त्याच्या भोंवतालचीं कांहीं लहान बेटें आणि ऑस्ट्रेलियाच्या ईशान्य भागांतील पावसाळी अरण्यें, एवढाच काय तो त्याचा मुलूख. उभा राहिला म्हणजे तो पुरुषभर उंच भरतो, आणि पूर्ण वाढलेल्या मादीचें वजन दीडशें पौंडांपर्यंत जातें. अंगावर काळींभोर पिसें. मान उघडी, निळ्या-जांभळ्या रंगाची. गळ्याखालीं लोंबणारे लाल मांसल लोलक. आणि डोक्यावर शिंगासारख्या द्रव्याचें उंच शिरस्त्राण. पंख केवळ नांवाला, आणि त्यांवर साळिंदराच्या कांट्यांसारख्या चारपांच काळ्या काड्या. पाय मात्र अत्यंत दणकट. प्रत्येक पायाला तीन बोटें, आणि त्यांतील आंतल्या बोटाला सुमारें पांच इंच लांबीचें, खंजिरासारखें सरळ नख. या पक्ष्याला उडतां येत नाहीं; परंतु गर्द झाडींतून तो ताशीं तीस मैलांच्या वेगानें धावूं शकतो, आणि वाटेंत नदी आलीच तर पोहूनही जातो.

असा हा प्राणी सोळाव्या शतकाच्या अखेरीपासून जगाच्या दरबारांतून नजराण्याच्या रूपानें हातोहात फिरला. ज्यानें त्यानें त्याला पाहिलें, चितारलें, वर्णिलें. आणि या सर्व खटाटोपांत त्याचें घर चुकलें, नांव चुकलें, लिंग चुकलें आणि जातही चुकली. आंधळ्यांनीं हत्ती चांचपून पाहिल्याची गोष्ट सर्वांच्या परिचयाची आहे. कॅसोवरीच्या बाबतींत पाहणारे डोळस होते. पण पक्षी त्यांच्यापुढें आला तो आपलें अरण्य मागें टाकून आला.

या कथेचा आरंभ होतो तो मिऱ्यांच्या व्यापारापासून. पोर्तुगीजांच्या हातांतील मसाल्याचा व्यापार हिसकून घ्यावा या हेतूनें १५९५ सालीं डच व्यापाऱ्यांनीं चार जहाजें पूर्वेकडे धाडलीं. कॉर्नेलिस दे हाउट्मन हा या सफरीचा एक प्रमुख होता. रोगराई, आपसांतील भांडणें आणि ठिकठिकाणच्या चकमकी यांनीं हा काफिला जर्जर झाला. निघतांना जहाजांवर अडीचशेंच्या आसपास माणसें होतीं. १५९७ मध्यें परत आलीं तीं शंभरही नव्हतीं. जावा बेटाच्या किनाऱ्यावर सिदायू नांवाचें बंदर आहे. त्या बंदरांत डचांच्या एका जहाजावर हल्ला होऊन त्यांचे कित्येक लोक कापले गेले. आणि आश्चर्य असें कीं, त्याच सिदायूच्या राजाकडून मिळालेला एक कॅसोवरी त्यांच्याबरोबर हॉलंडला पोंचला. युरोपच्या भूमीवर उतरलेला हा पहिला कॅसोवरी होय.

अ‍ॅम्स्टरडॅम शहरांत या पक्ष्याचें प्रदर्शन मांडण्यांत आलें आणि लोकांनीं पैसे देऊन त्याचें दर्शन घेतलें. पुढें हेगच्या मुक्कामीं असलेल्या काउंट सोल्म्स या सरदारानें तो मिळविला. त्याच्याकडून तो कोलोनच्या अर्न्स्ट नांवाच्या आर्चबिशपाकडे गेला, आणि आर्चबिशपानें तो प्राग येथें सम्राट दुसरा रुडॉल्फ याला अर्पण केला. रुडॉल्फ हा विलक्षण वस्तूंचा मोठा शोकी. ज्या दरबारीं केप्लर ग्रहांच्या कक्षा गणीत बसला होता, त्याच दरबारच्या संग्रहांत हा शिरस्त्राणधारी पाहुणा दाखल झाला. सिदायूच्या राजापासून सम्राटापर्यंत त्याच्या मालकांची ही मालिका पाहिली म्हणजे एखाद्या मौल्यवान हिऱ्याच्या प्रवासाची आठवण होते. फरक एवढाच कीं, हिऱ्याला भूक लागत नाहीं आणि घरची आठवण येत नाहीं.

या पक्ष्याचें शास्त्रीय पद्धतीचें पहिलें विस्तृत वर्णन लायडनच्या वनस्पतिउद्यानाचा प्रमुख क्लुसियस यानें १६०५ सालच्या आपल्या ग्रंथांत केलें. क्लुसियस हा चिकित्सक बुद्धीचा विद्वान होता. त्यानें सोल्म्सकडून पक्ष्याचें चित्र मिळविलें, मापें टिपलीं, आणि पुढें दिलेली वस्तु पक्षी कशी सबंधच्या सबंध गिळतो हेंही नमूद केलें. हा पक्षी जळते निखारेसुद्धां गिळतो, अशी वदंता त्या काळीं खलाशांनीं पसरविली होती. तिचें मूळ बहुधा साधेंच असावें. कॅसोवरीचें मुख्य अन्न म्हणजे झाडावरून गळून पडलेलीं फळें. तीं तो न चावतां गिळतो, आणि ज्याला लालभडक फळ उचलण्याची संवय आहे तो बंदिवासांत कोणत्याही लाल वस्तूवर चोंच मारणारच. अरण्यांत जें त्याचें साधें जेवण, तें दरबारांत जादूचा खेळ ठरलें.

पहिली मोठी चूक घराची. पक्षी जावाच्या बंदरांत मिळाला, म्हणून तो जावाचाच, असें युरोपांत दीर्घकाळ समजलें गेलें. पण जावा बेटावर कॅसोवरी कधींही रानांत नव्हता. मसाल्याच्या बेटांतील व्यापारी होडक्यांतून जायफळ, लवंग आणि रंगीत पिसें यांबरोबर जिवंत कॅसोवरीही पश्चिमेकडे येत असत, आणि जावाचे राजे लोक त्यांना हौसेनें बाळगीत. म्हणजे डचांनीं ज्याला जावाचा रहिवासी मानलें, तो तेथेंही त्यांच्यासारखाच परका होता. न्यू गिनीच्या पश्चिमेस असलेल्या सेराम बेटावर आज कॅसोवरी रानांत आढळतो. परंतु तेथेंही त्याला फार पूर्वीं मनुष्यानेंच नेलें असावें, असें पक्षिशास्त्रज्ञांचें अनुमान आहे. नजराण्याची ही चाल युरोपियनांनीं काढलेली नव्हती. ती त्यांनीं पुढें चालविली.

दुसरी चूक अधिक गंमतीची, आणि तिचा साक्षीदारही तसाच थोर. रक्ताभिसरणाचा शोध लावणारा विल्यम हार्वे हा इंग्लंडच्या राजाचा वैद्य होता. ऑरेंजचा राजपुत्र मॉरिस यानें इंग्लंडचा राजा पहिला जेम्स याला एक कॅसोवरी भेट म्हणून पाठविला होता. राजाच्या उद्यानांत तो कित्येक वर्षे राहिला. पुढें त्याच्या शेजारीं शहामृगांची एक जोडी आणून ठेवण्यांत आली, आणि थोड्याच काळांत या कॅसोवरीनें अंडें घातलें! सगळेच थक्क झाले. डोक्यावर शिरस्त्राण, पायांत खंजीर आणि गळ्यावर इतका रंग पाहून सर्वांनीं त्याला नर ठरवून टाकलें होतें. हार्वेनें तें अंडें फोडून तपासलें. दुसरें एक अंडें पोटांतच कुजून ती मादी मरण पावली. १६५१ सालीं प्रसिद्ध झालेल्या प्राण्यांच्या उत्पत्तीविषयींच्या आपल्या ग्रंथांत हार्वेनें हा सर्व वृत्तान्त दिला आहे. शृंगार आणि शस्त्र हीं नराचींच लक्षणें, हा मनुष्यानें कोंबड्या-मोरांवरून बांधलेला ठोकताळा. कॅसोवरीच्या घरीं नेमका उलटा प्रकार असतो. तेथें मादीच अधिक मोठी, अधिक रंगीत आणि अधिक दांडगी. परंतु हें समजण्यास दोन पक्षी रानांत एकत्र पाहावे लागतात. राजाच्या बागेंत एकटा पक्षी पाहून तें समजत नाहीं.

फ्रान्सही मागें राहिला नाहीं. १६७१ सालीं मादागास्करच्या फ्रेंच गव्हर्नरानें पूर्वेकडून परतणाऱ्या व्यापाऱ्यांकडून एक कॅसोवरी विकत घेऊन चौदाव्या लुईकडे रवाना केला. व्हर्सायच्या प्राणिसंग्रहांत तो चार वर्षे जगला. मृत्यूनंतर त्याचें विच्छेदन झालें, आणि क्लोद पेरॉ या पंडितानें त्याच्या हाडांचें व आंतड्यांचें बारकाईनें वर्णन केलें. पिसाचा प्रत्येक तंतु मोजला गेला. पक्षी काय आहे हें आतां पुष्कळ कळलें. तो काय करतो हें कोणालाच कळलें नाहीं.

नांवाचा घोटाळा तर याहून मोठा. क्लुसियसच्या काळीं कॅसोवरीला ‘एमू’ म्हणत. पुढें ऑस्ट्रेलियाच्या उघड्या माळरानांवर दुसराच एक उंच, न उडणारा पक्षी युरोपियनांना आढळला. १७९० मध्यें लेथम नांवाच्या इंग्रज पक्षिशास्त्रज्ञानें त्या नव्या पक्ष्याला ‘न्यू हॉलंडचा कॅसोवरी’ असें नांव दिलें. कालांतरानें एमू हें नांव या नव्या पक्ष्याकडे गेलें. एकाचा अंगरखा दुसऱ्यानें चढवावा, तसा हा प्रकार झाला. दरम्यान लिनियसनें १७५८ मध्यें कॅसोवरीला शहामृगाच्या गणांत बसविलें होतें. दोनच वर्षांनीं ब्रिसाँ या फ्रेंच शास्त्रज्ञानें त्याचा स्वतंत्र गण मानला. इतक्या वेळां बारसें झालेला हा पक्षी तोंवर त्याच्या स्वतःच्या अरण्यांत कोणाही युरोपियन शास्त्रज्ञानें नीट न्याहाळला नव्हता.

अरण्यांतील भेट घडली ती एका शोकांतिकेंत. १८४८ सालीं एडमंड केनेडी हा तेरा माणसांची तुकडी घेऊन ऑस्ट्रेलियाच्या ईशान्य किनाऱ्यानें केप यॉर्ककडे निघाला. दलदली, कांटेरी वेलींचीं जाळीं आणि डोंगर यांनीं ही सफर अगदीं मेटाकुटीस आली. तुकडीबरोबर थॉमस वॉल हा तरुण निसर्गशास्त्रज्ञ होता. त्याच्या हातीं एक कॅसोवरी आला. ऑस्ट्रेलियाच्या भूमीवर हा पक्षी राहतो, याचा युरोपियनांस मिळालेला हा पहिला पुरावा. पण त्या पक्ष्याचें कातडें टिकलें नाहीं आणि वॉलही टिकला नाहीं. वेमथ उपसागराच्या कांठीं अन्नावांचून त्याचा अंत झाला. केनेडी त्याच वर्षाच्या डिसेंबरांत मूळ रहिवाशांच्या भाल्यांनीं पडला. त्याचा विश्वासू वाटाड्या गाल्माहरा, ज्याला गोरे लोक जॅकी जॅकी म्हणत, तो स्वतः जखमी असतांही रान तुडवीत किनाऱ्यावरील जहाजापर्यंत पोंचला, आणि त्याच्यामुळेंच मागें राहिलेल्यांपैकीं दोघांचे प्राण वाचले. तेरांपैकीं तिघेच परतले. वॉलच्या पक्ष्याचें वर्णन पुढें १८५४ मध्यें त्याच्या भावानें सिडनींतील एका वृत्तपत्रांत प्रसिद्ध केलें. ज्यानें पक्षी हातीं धरला होता, त्याला तें लिहिण्याचें भाग्य लाभलें नाहीं.

यानंतर कॅसोवरीच्या निरनिराळ्या जाती उजेडांत येऊं लागल्या; पण पुन्हां त्याच जुन्या मार्गानें, म्हणजे बंदर, जहाज आणि पिंजरा. १८५७ सालीं न्यू ब्रिटन बेटावरून डेव्हलिन नांवाच्या कप्तानानें एक लहान आकाराचा कॅसोवरी सिडनीला आणला. बेटावरील लोक त्याला ‘मूरुक’ म्हणत. सिडनीचे वैद्य जॉर्ज बेनेट यांनीं त्याची माहिती लंडनला कळविली, आणि जॉन गूल्ड यांनीं ही नवी जात बेनेट यांच्याच नांवानें जाहीर केली. बेनेट यांच्या घरीं पुढें असे दोन मूरुक होते. ते खोल्याखोल्यांतून बिनदिक्कत हिंडत, स्वयंपाकघरांत शिरत आणि खिळ्यांसारख्या वस्तूही गिळून टाकीत. बेनेट यांनीं १८६० च्या आपल्या पुस्तकांत या पाहुण्यांच्या खोड्यांचें वर्णन मोठ्या जिव्हाळ्यानें केलें आहे.

त्याच १८६० सालीं या कथेचा एक धागा भारतांत येऊन मिळतो. कलकत्त्यांतील एका पक्षिगृहांत एक कॅसोवरी होता. बंगालच्या एशियाटिक सोसायटीच्या संग्रहालयाचे प्रमुख एडवर्ड ब्लाइथ यांची नजर त्याच्यावर गेली. नेहमींच्या कॅसोवरीच्या गळ्याखालीं दोन लोलक असतात. याच्या गळ्याखालीं एकच होता. ब्लाइथ यांनीं ही जात स्वतंत्र ठरवून तिला एकाच लोलकाची खूण सांगणारें नांव दिलें. न्यू गिनीच्या उत्तर भागांतील या पक्ष्याची शास्त्राला पहिली ओळख झाली ती अशी हुगळीच्या कांठीं. मोठ्या कॅसोवरीला दोन लोलक, उत्तरेकडच्याला एक आणि लहान मूरुकाला एकही नाहीं, ही तीन जातींची खूण आजही मानली जाते.

परंतु तीनवर समाधान मानणें त्या युगाच्या स्वभावांत नव्हतें. इंग्लंडांतील अतिश्रीमंत रॉथशिल्ड घराण्यांतील वॉल्टर रॉथशिल्ड यांना पक्षी व फुलपांखरें जमविण्याचा नाद होता, आणि त्यांतही कॅसोवरी म्हणजे जीव कीं प्राण. ट्रिंग येथील आपल्या आवारांत त्यांनीं अनेक जिवंत कॅसोवरी पाळले, आणि पक्षी मेला म्हणजे पेंढा भरून तो संग्रहालयांत उभा केला. १९०० सालीं त्यांनीं कॅसोवरीवर एक भव्य प्रबंध प्रसिद्ध केला. क्युलेमान्स या चित्रकारानें त्यासाठीं काढलेलीं रंगीत चित्रें आजही डोळे दिपवितात. मानेच्या रंगांत, लोलकांच्या लांबींत, शिरस्त्राणाच्या घडणींत जेथें जेथें फरक दिसला, तेथें तेथें नवी जात किंवा उपजात मानावी, असा त्यांचा क्रम होता. आज त्यांतील बहुतेक नांवें रद्द झालीं आहेत. वयाप्रमाणें शिरस्त्राण वाढतें, मनाच्या क्षोभाप्रमाणें मानेचा रंग उजळतो किंवा मावळतो, आणि दोन भावंडेंही एकमेकांपासून वेगळीं दिसूं शकतात. शिवाय हे पक्षी होड्यांतून एका बेटावरून दुसऱ्या बेटावर विकले जात असल्यामुळें अमुक पक्षी अमुक बेटाचा, या नोंदीचाच भरंवसा नव्हता. सिदायूच्या बंदरांत झालेली चूक तीनशें वर्षांनीं ट्रिंगच्या बागेंत अशी पुन्हां भेटली.

मग या पक्ष्याला खरोखर ओळखणारे कोणीच नव्हते काय? होते, आणि ते फार पूर्वींपासून होते. न्यू गिनीच्या डोंगराळ प्रदेशांत युकू आणि किओवा नांवाचे दोन शैलाश्रय आहेत. तेथील उत्खननांत कॅसोवरीच्या अंड्यांच्या कवचाचे हजाराहून अधिक तुकडे सांपडले. १८,००० ते ६,००० वर्षांपूर्वींच्या या तुकड्यांचा सूक्ष्म अभ्यास करून संशोधकांनीं २०२१ सालीं आपले निष्कर्ष मांडले. अंड्यांत गर्भ जसजसा वाढतो तसतसा कवचाच्या आंतील पृष्ठभाग झिजत जातो. त्या झिजेवरून असें दिसलें कीं, बरीचशीं अंडीं उबवणीच्या अगदीं शेवटच्या दिवसांत घरट्यांतून आणलेलीं होतीं, आणि त्यांतील कित्येकांवर भाजल्याच्या खुणा नव्हत्या. अर्थात् त्या काळचे लोक पिलें बाहेर पडण्याच्या बेतांत असलेलीं अंडीं आणून तीं पिलें वाढवीत असावेत, असा तर्क या संशोधकांनीं केला आहे. नुकतें जन्मलेलें पिलूं ज्याला प्रथम पाहील त्याच्या मागें लागतें. कोंबडी माणसाळण्याच्या हजारों वर्षे आधीं जगांतील एका अत्यंत धोकादायक पक्ष्याचीं पिलें न्यू गिनीच्या पाड्यांत माणसांच्या पायांत घुटमळत असावींत. पण हें साधण्यास घरटें कोठें आहे, अंडीं कधीं घातलीं आणि रक्षण करणारा नर केव्हां दूर जाईल, हें नेमकें ठाऊक असावें लागतें. हें ज्ञान अरण्यांतच मिळतें.

न्यू गिनीच्या डोंगरांतील कलाम नांवाच्या लोकांविषयीं राल्फ बल्मर या मानववंशशास्त्रज्ञानें १९६७ मध्यें एक प्रसिद्ध निबंध लिहिला. कॅसोवरी हा पक्षी का नव्हे, असा त्या निबंधाचा प्रश्न. कलाम लोक उडणाऱ्या सर्व पक्ष्यांना आणि वटवाघळांनाही एका वर्गांत घालतात. कॅसोवरीला मात्र त्या वर्गांत स्थान नाहीं. त्याचा वर्ग त्याचा एकट्याचा. त्यांच्या कल्पनेनें तो अरण्यांतला नातलग आहे, बहिणीच्या किंवा आते-मामे भावंडांच्या नात्याचा. म्हणून त्याच्या शिकारीला निराळे विधिनिषेध. शिकारीच्या वेळीं रोजची भाषा सोडून वेगळी भाषा बोलावयाची. आणि ज्याच्या हातून कॅसोवरी मारला गेला त्यानें कांहीं काळ अळूच्या मळ्यांत पाऊल टाकावयाचें नाहीं. शहरांतील वाचकाला हें प्रथम विचित्र वाटेल. परंतु लिनियसनें त्याला शहामृगाशेजारीं बसविलें, लेथमनें एमूला त्याचें नांव दिलें, आणि कलाम लोकांनीं त्याला माणसाचा नातलग मानलें. या तिन्ही वर्गवाऱ्यांत प्राण्याशीं वागण्याची जबाबदारी सांगणारी वर्गवारी एकच आहे.

अरण्यांत जाऊन बसण्याचें काम आधुनिक शास्त्रज्ञांनीं मनावर घेतलें तें बऱ्याच उशिरां. आणि मग या पक्ष्याचा खरा संसार दिसूं लागला. मादी हिरवट रंगाचीं तीन ते पांच अंडीं घालून निघून जाते. नर तीं सुमारें पन्नास दिवस उबवितो. अंगावर पट्टे असलेल्या पिलांना घेऊन तोच जवळजवळ नऊ महिने रानोमाळ हिंडतो, पडलेलीं फळें दाखवितो आणि शत्रूवर धावून जातो. ज्याच्या शस्त्रांची एवढी ख्याति, तो शस्त्रधारी बाप पिलांची आईही असतो. जेम्स राजाच्या बागेंतील एकट्या मादीवरून हें कोणाला कळणार होतें?

त्याहून महत्त्वाचें काम त्याच्या नकळत घडतें. कॅसोवरी दोनशेंहून अधिक जातींच्या वनस्पतींचीं फळें खातो. कित्येक फळें इतकीं मोठीं असतात कीं, तीं सबंध गिळणारा दुसरा प्राणीच ऑस्ट्रेलियाच्या त्या अरण्यांत नाहीं. गर पचतो, बी शाबूत राहते आणि मूळ झाडापासून दूर, खताच्या राशीसह जमिनीवर पडते. क्वीन्सलंडच्या अरण्यांत रायपरोसा नांवाचें एक दुर्मिळ झाड आहे. त्याच्या बियांवर प्रयोग करतां असें आढळलें कीं, तशाच पेरलेल्या बियांपैकीं शेंकडा ४ रुजल्या, तर कॅसोवरीच्या पोटांतून गेलेल्यांपैकीं शेंकडा ९२. डच खलाशांना जी खादाडपणाची जादू वाटली, ती या अरण्याची पेरणी होती. रुडॉल्फच्या दरबारीं या पक्ष्यानें गिळलेलीं फळें वायां गेलीं. तेथें त्यांची वाट पाहणारी माती नव्हती.

हें सर्व कळेपर्यंत अरण्यच आटत चाललें होतें. क्वीन्सलंडच्या किनाऱ्यावरील सपाट, सुपीक जमिनीवरचें रान एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून उंसाच्या व केळीच्या मळ्यांसाठीं तुटत गेलें. उरलेल्या अरण्यास १९८८ सालीं जागतिक वारशाचा दर्जा मिळाला आणि तेथील लांकूडतोड थांबली. तरी अरण्याचे तुकडे झालेलेच आहेत, आणि त्यांच्यामधून मोटारींचे रस्ते जातात. फळांच्या शोधांत एका तुकड्यांतून दुसऱ्यांत जाणारा पक्षी मोटारीखालीं सांपडतो. पिलें कुत्र्यांच्या तावडींत जातात. २००६ आणि २०११ मध्यें त्या किनाऱ्यावर भयंकर चक्रीवादळें आलीं. झाडांवर फळ राहिलें नाहीं. भुकेले कॅसोवरी रस्त्यांवर आणि घरांच्या परसांत दिसूं लागले, आणि सरकारला रानांत त्यांच्यासाठीं फळें टाकावीं लागलीं. ऑस्ट्रेलियाच्या कायद्यानें तेथील कॅसोवरीची गणना संकटग्रस्त प्राण्यांत केलेली आहे.

जगांतील सर्वांत धोकादायक पक्षी, अशी याची अपकीर्ति आहे. तिचा हिशेबही पाहण्यासारखा आहे. क्वीन्सलंडमधील २२१ हल्ल्यांचा अभ्यास १९९९ सालीं प्रसिद्ध झाला. त्यांतील १५० हल्ले माणसांवर झालेले होते. आणि माणसांवरील या हल्ल्यांपैकीं शेंकडा ७५ हल्ले करणाऱ्या पक्ष्यांना आधीं माणसांनींच हातानें खाऊं घालून चटावलेलें होतें. ऑस्ट्रेलियांत कॅसोवरीमुळें मनुष्य दगावल्याची एकच नोंद आहे. १९२६ मध्यें सोळा वर्षांचा एक मुलगा आपल्या भावासह पक्ष्याला दांडक्यानें मारावयास गेला होता, त्यांत त्याचा अंत झाला. दुसरा मृत्यु २०१९ मध्यें अमेरिकेंतील फ्लॉरिडा प्रांतांत घडला. मृत झालेला वृद्ध गृहस्थ हा त्या पक्ष्याचा मालक होता. एकानें मारण्यासाठीं हात उगारला, दुसऱ्यानें पाळण्यासाठीं तो पुढें केला. पक्ष्याला हवें होतें तें अंतर दोघांनींही राखलें नाहीं.

सिदायूच्या राजानें दिला, डचांनीं मिरविला, सरदारानें मागितला, आर्चबिशपानें पाठविला, सम्राटानें ठेवून घेतला. पुढें वैद्यानें त्याचें अंडें फोडलें, पंडितानें त्याचीं हाडें मोजलीं, धनिकानें त्याला पेंढा भरून उभा केला. या सर्वांचा लोभ पक्ष्यावर होता, हें नाकारतां येणार नाहीं. हार्वे, पेरॉ किंवा ब्लाइथ यांच्या परिश्रमांचें मोलही कमी होत नाहीं. परंतु कॅसोवरीविषयीं जें सर्वांत जाणण्यासारखें होतें, तें त्याच्या शरीरांत मावणारें नव्हतें. तें त्याच्या आणि अरण्याच्या मध्यें होतें. अरण्यावेगळा केलेला कॅसोवरी निम्मा उरतो, आणि कॅसोवरीवांचून राहिलेलें अरण्यही पिढ्यान्‌पिढ्या विरळ होत जातें.

कोंकणच्या किनाऱ्यावर सायंकाळीं सुरूच्या बनांत वारा शिरतो तेव्हां त्या झाडांच्या काड्या काळ्या पिसाऱ्यासारख्या हलतात. ज्या मलायी नाविकांनीं त्या काड्या पाहून पक्ष्याची आठवण केली, त्यांनीं तो पक्षी आणि तें झाड दोन्हीं आपापल्या जागीं पाहिलीं होतीं. क्लुसियसच्या ग्रंथापूर्वीं झालेलें कॅसोवरीचें अचूक वर्णन कदाचित् तेवढेंच असेल, आणि तें सुरूच्या नांवांत अद्याप जिवंत आहे.